देवाशी भांडणारे गाणे
('जैत रे जैत'मधील गीतांविषयी)

ग्रामीण गीताचा सन्मान करण्याच्या दोन रीती आपल्या शहरी समाजात रूढ आहेत. एक रीत सजावटीची. डोईवर पदर, पायात चाळ, हातात लेझीम, आणि गाणे संपले की टाळ्या. दुसरी रीत संग्रहालयाची. गाणे टिपून घ्यावे, त्याखाली गावाचे नाव लिहावे आणि कपाटात ठेवावे. दोन्ही रीतींमागे आस्था असते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु दोहोंमध्ये गाणाऱ्याच्या मनातील राग मात्र अलगद गाळला जातो. खेड्यातील माणूस आपल्याला आनंदी हवा असतो किंवा सोशिक हवा असतो. तो संतापलेला असला, आणि त्याचा संताप सावकारावर किंवा सरकारवर नसून थेट देवावर असला, तर त्याचे काय करावे हे आपल्याला कळत नाही.

या संतापाला जागा देणारी मराठी ध्वनिमुद्रिका आमच्या मते एकच आहे. ती म्हणजे १९७७ साली आलेल्या 'जैत रे जैत' या चित्रपटाच्या गीतांची. कवी ना. धों. महानोर, संगीतकार पंडित हृदयनाथ मंगेशकर, दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल. यातील गाणी मराठी घराघरांत ठाऊक आहेत, आणि म्हणूनच ती नीट ऐकली जात नाहीत अशी आमची धारणा आहे.

प्रथम थोडे बाहेरच्या जगाकडे पाहू. अमेरिकेत खेड्यापाड्यांच्या गीतांची 'कंट्री' नावाची मोठी परंपरा आहे. घरातील ओसरी, शेत, कोळशाची खाण आणि छोटे प्रार्थनामंदिर यांतून ती उगवली. पुढे नॅशव्हिल शहरातील व्यापाराने तिला गुळगुळीत केले. त्याविरुद्ध काही तरुण गायकांनी 'आल्टर्नेटिव्ह कंट्री', म्हणजे पर्यायी ग्रामीण गीत, अशी वाट धरली. 'अंकल टुपेलो' या गायकवृंदाने १९९० मध्ये आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेला जे नाव दिले, ते कार्टर कुटुंबाने १९३६ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या एका भक्तिगीतावरून घेतलेले होते. ल्युसिंडा विल्यम्स या गीतकार-गायिकेची १९९८ मधील 'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड' ही याच वाटेवरची गाजलेली कृती. तिचे वडील कवी आणि आजोबा मेथॉडिस्ट धर्मोपदेशक. दक्षिणेकडील गावांची नावे, खडीचा रस्ता, मोटारीच्या मागच्या आसनावर बसलेले मूल, अशा साध्या वस्तूंतून ती दुःख सांगते. तिच्या गाण्यात खेडे सुंदर दिसावे असा हट्ट नाही, ते खरे असावे एवढाच आहे.

आपल्याकडे अशी वाट कोणी धरली, असा प्रश्न आमच्या धर्मग्रामातील महाविद्यालयीन मुले विचारतात. ही मुले इंग्रजी गाणी आवडीने ऐकतात आणि मराठी ग्रामीण गीत म्हणजे स्नेहसंमेलनातला नाच असे समजतात. त्यांना आम्ही 'जैत रे जैत'चे नाव सांगतो. मात्र एक भेद आधी स्पष्ट करावयास हवा. ल्युसिंडा विल्यम्स आपले गीत स्वतः रचते आणि स्वतः गाते. इथे रचणारा एक, चाल देणारा दुसरा आणि गाणारे आणखी निराळे आहेत. तरीही ही सारी गीते एकाच माणसाच्या अनुभवातून आलेली वाटतात, आणि तो माणूस आपल्याच जिल्ह्यातील शेतकरी होता.

नामदेव धोंडो महानोर यांचा जन्म १९४२ साली पळसखेड येथे झाला. हे गाव सोयगाव तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगराला लागून, मराठवाडा आणि खानदेश यांच्या सीमेवर आहे. महानोर शिक्षणासाठी जळगावला गेले आणि शिक्षण अर्धवट सोडून शेतावर परतले. १९६७ मध्ये त्यांचा 'रानातल्या कविता' हा संग्रह आला आणि मराठी कवितेत रान प्रथमच आतून बोलू लागले. १९७८ मध्ये ते विधान परिषदेवर गेले आणि तेथेही पाणी व शेती याच विषयांवर बोलत राहिले. १९९१ मध्ये पद्मश्री, २००९ मध्ये 'पानझड' या संग्रहासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार, आणि ३ ऑगस्ट २०२३ रोजी पुण्यात निधन, असा त्यांचा जीवनपट आहे. परंतु 'जैत रे जैत' समजून घेण्यासाठी त्यातील एक वर्ष अधिक महत्त्वाचे आहे. ते म्हणजे १९७२. त्या वर्षीच्या दुष्काळात मराठवाड्यातील माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी ही गीते आली. ज्याने आभाळाकडे पाहून बियाणे मातीत टाकले आहे, त्याच्या गाण्यातील पाऊस खिडकीतून पाहिलेल्या पावसासारखा नसतो. त्यात आनंद असतो, आणि त्या आनंदाखाली भय असते.

कथा मूळची गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीची. कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकर या आदिवासी समाजात ती घडते. नाग्या हा ढोल वाजविणाऱ्याचा मुलगा. आपण पुण्यवंत व्हावे, भगत व्हावे ही त्याची आकांक्षा. लिंगोबाच्या डोंगरावर मधमाश्यांची पोळी आहेत आणि तेथील राणीमाशी म्हणजे देवाचेच रूप अशी वाडीची श्रद्धा. पुण्यवंतालाच तिचे दर्शन होते. नाग्या नेमाने वागतो, श्रद्धेने डोंगर चढतो, आणि माशीच्या डंखाने त्याचा डोळा जातो. येथून त्याची भक्ती वैरात पालटते. ज्या देवाने पुण्याचे हे फळ दिले त्याची पोळी झाडून टाकीन, अशी तो शपथ घेतो. नवऱ्याला सोडून आलेली चिंधी त्याच्यावर जीव टाकते आणि या झुंजीत त्याला साथ देते. शेवटी पोळी पडतात, 'जैत रे जैत' म्हणजे विजय झाला असा घोष होतो, आणि त्याच वेळी माश्यांच्या हल्ल्यात चिंधी प्राणाला मुकते. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांनी या भूमिका केल्या आहेत.

ही कथा बोलण्यातून जितकी पुढे जाते तितकीच, किंबहुना अधिक, गीतांतून जाते. डझनाहून अधिक गीते असूनही एकही गीत ठिगळासारखे वाटत नाही. याचे पहिले श्रेय शब्दांना आहे. महानोरांच्या ओळी आखूड आहेत. क्रियापदे पुष्कळ, विशेषणे थोडी. 'जांभूळपिकल्या झाडाखाली' या गीतात पिकलेले झाड आणि ढोलाचा नाद एवढ्या दोनच गोष्टींवर एका स्त्रीच्या मनाची सारी ओढ उभी राहते. 'नभं उतरू आलं' मध्ये पाऊस आणि प्रियकराची आठवण इतकी एकरूप होते की कोणाविषयी बोलणे चालले आहे हे सांगता येऊ नये. यात देहाची भाषा आहे आणि ती निःसंकोच आहे. काही सोवळ्या कानांना ती खटकते, असे आमच्या ऐकण्यात आले आहे. त्यांना आम्ही एवढेच सुचवू की पवित्र शास्त्रात गीतरत्न नावाचे एक पुस्तक आहे आणि द्राक्षमळे, डाळिंबे, मध यांच्याशिवाय त्यातील प्रेमालाही बोलता येत नाही.

दुसरे श्रेय संगीताला. हृदयनाथांनी शांता शेळके यांच्या शब्दांवर बांधलेली कोळीगीते आपल्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती कुटुंबांतही आवडीने गायली जातात. त्या गीतांत समुद्र उत्सवाचा आहे. येथे डोंगर आहे आणि तो उत्सव करू देत नाही. ढोल हा या ध्वनिमुद्रिकेचा प्राण, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण नायक ढोलियाच्या घरातला. परंतु तो केवळ ताल धरण्यासाठी वाजत नाही. कुठे तो बोलावतो, कुठे धमकावतो, कुठे छातीतल्या धडधडीसारखा नुसता चालू राहतो. चाली अवघड आहेत. स्वर अनपेक्षित ठिकाणी वळतात, आणि सहज गुणगुणावयास गेलेला माणूस दुसऱ्याच ओळीवर अडखळतो. डोंगराची वाट चढताना पाऊल जसे जपून टाकावे लागते, तसे हे गाणे कानांना चढावे लागते. लता मंगेशकर यांनी गायिलेले 'मी रात टाकली' ऐकावे. सापाने कात टाकावी तशी एक स्त्री आपले मागचे आयुष्य टाकून उभी आहे. त्या स्वरात लाडिकपणाचा लवलेश नाही. मोकळे होण्याचा आनंद आहे आणि मोकळे झाल्यावर कुठे जावयाचे हे ठाऊक नसल्याचा कंपही आहे. रवींद्र साठे व चंद्रकांत काळे यांचे जाड, मातकट आवाज या कोवळ्या स्वरांना जमिनीवर ठेवतात.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. या गीतांचे वेगळेपण चालीत किंवा बोलीत आहे असे सामान्यतः म्हटले जाते. आम्हाला ते अन्यत्र दिसते. ही गीते देवाशी भांडतात, आणि भांडताना श्रद्धा सोडत नाहीत. नाग्या नास्तिक होत नाही, हे ध्यानात घ्यावे. जो नाही त्याच्याशी कोणी भांडत नाही. लिंगोबा आहे, तो समर्थ आहे, आणि म्हणूनच त्याने उत्तर द्यावे अशी त्याची मागणी आहे. मी पुण्य केले, मग डोळा का गेला? हा प्रश्न ईयोबाचा आहे. ईयोबाचे मित्र त्याला समजावतात की तुझ्याच हातून काही पाप घडले असेल. मित्रांचे बोलणे धार्मिक आहे, ईयोबाचे बोलणे उद्धट आहे. तरीही ग्रंथाच्या अखेरीस परमेश्वर मित्रांवर रागावतो आणि ईयोब योग्य बोलला असा निवाडा देतो. उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोबही रात्रभर झगडतो, आशीर्वाद मिळवितो, आणि सकाळी लंगडत निघतो. देवाशी झुंजणाऱ्याच्या अंगावर खूण राहते. याकोबाची खूण मांडीवर राहिली, नाग्याची डोळ्यावर.

मात्र येथे दोन कथांतील अंतर झाकून चालणार नाही. ईयोबाला शेवटी वावटळीतून वाणी ऐकू येते. नाग्याला काहीच ऐकू येत नाही. त्याला विजय मिळतो, उत्तर मिळत नाही. आणि त्या विजयाची किंमत तो देत नाही, चिंधी देते. या ठिकाणी ही कृती आम्हाला अस्वस्थ करते, आणि करावी असेच तिच्या कर्त्यांनी योजिले असावे. जिच्या गळ्यात या ध्वनिमुद्रिकेतील सर्वांत मोकळे गीत आहे, तिचाच बळी विजयाच्या घोषाखाली जातो. पुरुष देवाशी भांडतो आणि स्त्री मरते, हा हिशेब गीते मांडत नाहीत. तो आपण मांडावयाचा असतो. नुसती ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्याच्या कानांवर घोष पडतो. चित्रपट पाहिलेल्याला त्या घोषाखालचे प्रेतही दिसते. म्हणून ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांनी तो एकदा पाहावा. त्यानंतर हीच गीते पुन्हा ऐकली असता आनंदाच्या जागा पूर्वीसारख्या हलक्या राहत नाहीत.

या गीतांचे पुढे काय झाले? 'आम्ही ठाकर ठाकर' हे शाळांच्या स्नेहसंमेलनाचे हुकमी गाणे झाले. रंगीत फडकी, कमरेला पाने, गालावर ठिपके, आणि नऊ-दहा वर्षांची मुले ध्वनिफितीवर नाचत आहेत, हे दृश्य आपल्या शाळांतही नित्याचे आहे. मुलांनी नाचू नये असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या गाण्यात एक समाज आपली ओळख छाती काढून सांगतो, ते गाणे वेषभूषेचे निमित्त होते तेव्हा ठाकर मागे राहतो आणि पाने पुढे येतात. त्या मुलांना ठाकर कोण, कुठे राहतात, त्यांच्या वाड्यांचे आज काय चालले आहे, एवढे जरी शिक्षकांनी आधी सांगितले, तरी नाचाला अर्थ येईल.

आमच्या छत्रपती संभाजीनगरातील क्रांती चौक हे तर गाण्यांचेच ठिकाण आहे. शिवरायांच्या अश्वारूढ पुतळ्याभोवती जयंत्यांच्या दिवशी ध्वनिक्षेपक लागतात, पोवाडे आणि भीमगीते घुमतात. मोर्चे येथे जमतात आणि येथून निघतात. शेतकरीही येतात. कापसाचा भाव, पीकविमा, कर्ज या मागण्यांच्या घोषणा होतात, आणि त्या झाल्याच पाहिजेत, कारण ज्याचे उत्तर सरकारने द्यावयाचे ते सरकारलाच विचारले पाहिजे. परंतु मोर्चा संपल्यावर तोच शेतकरी रात्री आपल्या करपलेल्या पिकापाशी एकटा उभा राहतो, तेव्हा त्याच्याजवळ आणखी एक प्रश्न उरतो. तो कोणत्याही कार्यालयात देता येत नाही. चौकातले गाणे समूहाचे असते आणि त्याला उत्तर देणारा समोर दिसत असतो. महानोरांचे गाणे त्या एकट्या उभ्या राहिलेल्या माणसाचे आहे. दोन्ही गाण्यांची गरज आहे. पहिल्याला आपल्याकडे चौक आहे. दुसऱ्याला जागा कोठे आहे?

खरे पाहता ती जागा मंदिरात असावयास हवी. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे विलापाची आहेत. देवा, किती काळ? तू झोपलास काय? तोंड का लपवितोस? अशा आशयाचे प्रश्न तेथे उघडपणे विचारले जातात, आणि ख्रिस्तसभा ती स्तोत्रे नित्य प्रार्थनेत म्हणत आली आहे. प्रभूने क्रुसावर उच्चारलेली आर्त हाकही अशाच एका स्तोत्राची आहे. परंतु आपली मराठी भक्तिगीते चाळून पाहावी. स्तुती आहे, आभार आहेत, पश्चात्ताप आहे, मरियामातेची आळवणी आहे. तक्रार जवळजवळ नाही. ज्या घरातील कर्त्या पुरुषाने कर्जापायी जीव दिला, त्या घरात अंत्यविधीला जमलेले लोक विसाव्याचे आणि स्वर्गाचे गीत गातात. ते गीत खोटे नव्हे. मात्र त्या विधवेच्या ओठांवर त्या क्षणी जे आहे त्याला त्यात शब्द नाहीत. तिच्या ओठांवर नाग्याचा प्रश्न आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात स्थानिक लोकांच्या संगीतपरंपरेला योग्य मान आणि स्थान द्यावे असे सांगितले. त्यानंतर आपल्या उपासनेत तबला आला, पेटी आली, अभंगाच्या आणि ओवीच्या चाली आल्या. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु लोकांची चाल घेतली आणि लोकांचा प्रश्न वगळला, तर ती सजावटच ठरते. 'जैत रे जैत'पासून आपल्या गीतकारांनी शिकण्यासारखे काही असेल तर ते हेच. महानोरांनी ठाकरांचा ढोल घेतला तेव्हा ढोलाबरोबर येणारा राग परत पाठविला नाही.

या कृतीला मर्यादा नाहीत असे नाही. यातील मुख्य आवाज ठाकरांचे नाहीत. शब्दांची बोली तंतोतंत ठाकरी नसून तिच्यात अजिंठा-खानदेशाकडील रानाचा वास अधिक आहे. कवीने आपल्या मातीतून दुसऱ्याचे दुःख ओळखले, असे त्याचे समर्थन करता येईल, आणि आम्हाला ते बव्हंशी पटते. तरीही प्रश्न उरतो. अमेरिकेत कार्टर कुटुंबातील ए. पी. कार्टर डोंगरवस्त्यांत हिंडून गाणी गोळा करीत तेव्हा लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय वादक त्यांच्यासोबत असे आणि चाली स्मरणात ठेवी. कीर्ती कार्टर कुटुंबाची झाली, रिडल दीर्घकाळ अंधारात राहिला. लोकगीताच्या वैभवामागे असे एखादे झाकलेले नाव पुष्कळदा असते. महानोरांनी या ऋणाची जाणीव ठेवली होती, याची खूण म्हणजे आपल्या गावची लोकगीते त्यांनी 'पळसखेडची गाणी' या नावाने स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. ती वाचताना या कवीच्या शब्दकळेचे मूळ कोठे आहे हे उमगते.

वाचकांना आमची विनंती एवढीच. ही गाणी सणासुदीला ध्वनिक्षेपकावर ऐकण्याऐवजी एखाद्या संध्याकाळी घरी, मुलांना जवळ घेऊन, आरंभापासून शेवटपर्यंत क्रमाने ऐकावीत. प्रथम कथा सांगावी. मग नाग्या चुकला की बरोबर होता हे मुलांनाच विचारावे, आणि आपले उत्तर देण्याची घाई करू नये. आमच्या धर्मग्रामातील गायनवृंदालाही आम्ही एक काम दिले आहे. येत्या उपवासकाळासाठी विलापाचे एक स्तोत्र निवडून ते ओवीच्या अंगाने, मराठवाड्याच्या बोलीत बांधावयाचे. त्यातील प्रश्न जसाच्या तसा ठेवावयाचा आणि शेवटच्या कडव्यात घाईने समाधान आणावयाचे नाही. ते साधेल की नाही हे आज सांगता येत नाही. साधले, तर ज्या घरांत या वर्षी पीक हाती आले नाही, त्या घरांतील माणसांनी ते प्रथम गावे अशी आमची इच्छा आहे.